मॅटसन खटला, १८४७ : लिंकन मालकाच्या बाजूने उभा राहिला तेव्हा

मराठी घरांत अब्राहम लिंकन पोचला तो बहुतेक करून एका पत्रातून. मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं म्हणून ते शाळांच्या भिंतींवर लागतं, शिक्षकदिनाला वाचलं जातं. लिंकनने ते लिहिल्याचा कसलाही पुरावा नाही. पण त्या पत्राने आपल्या मनात जो लिंकन बसवला, तो पोक्त, सज्जन आणि कधीच न चुकणारा आहे. १८४७ सालचं एक प्रकरण त्या लिंकनच्या चौकटीत बसत नाही. इलिनॉय राज्यातल्या चार्ल्सटन गावच्या कोर्टात एक कृष्णवर्णीय आई आणि तिची चार मुलं गुलाम की मुक्त, हा प्रश्न उभा होता. लिंकन त्या कोर्टात होता, आणि त्याचं वकीलपत्र मालकाचं होतं.

चरित्रकारांनी या प्रकरणाची वासलात दोन प्रकारे लावली आहे. काहींनी ते दोन ओळींत उरकलं. काहींनी ते हातात धरून सगळा लिंकनच ढोंगी ठरवला. मला दोन्ही पटत नाही. खटल्याच्या आत शिरून नेमका कोणता प्रश्न विचारला गेला आणि कोणता विचारलाच गेला नाही, हे पाहिलं तर या माणसाबद्दल जास्त कळतं.

एक गोष्ट आधी नोंदवायला हवी. त्या काळी सरहद्दीवरच्या कोर्टांत शब्दन् शब्द टिपून घेणारा कोणी नसे. कोर्टाचे कागद थोडे, आणि बाकीचं बरंचसं चित्र त्यात सामील असलेल्यांनी पुढे कित्येक वर्षांनी सांगितलेल्या आठवणींतून आलेलं. तोवर लिंकन हुतात्मा झालेला होता. त्या आठवणी हे भान ठेवूनच वाचाव्या लागतात.

शेत इलिनॉयमध्ये, मालक केंटकीचा

रॉबर्ट मॅटसन हा केंटकीतल्या बर्बन काउंटीचा जमीनदार. केंटकीत गुलामगिरी कायदेशीर होती. ओहायो नदीच्या उत्तरेला मात्र १७८७च्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्सने तिला बंदी होती आणि इलिनॉयच्या १८१८च्या राज्यघटनेनेही तेच म्हटलं होतं. मॅटसनने इलिनॉयच्या कोल्स काउंटीत जमीन घेतली. ‘ब्लॅक ग्रोव्ह’ हे त्या शेताचं नाव. जमीन कसायला माणसं हवीत, आणि माणसांना मजुरी देण्याची त्याला सवय नव्हती. म्हणून तो दर वसंतात केंटकीहून आपले गुलाम आणायचा, पीक निघालं की त्यांना परत न्यायचा आणि पुढच्या हंगामाला दुसरे आणायचा. ही अदलाबदल मुद्दाम केलेली होती. एकच माणूस इथे फार दिवस राहिला तर कोर्ट त्याला इथलाच मानेल आणि मग तो हातचा जाईल, एवढा कायदा मॅटसनला कळत होता. यांना मी कायमचं ठेवायला आणलेलं नाही, असं तो साक्षीदारासमोर बोलूनही ठेवायचा.

या अदलाबदलीतून एक माणूस सुटला होता. अँथनी ब्रायंट हा शेतावरचा मुकादम. तो वर्षानुवर्षं तिथेच राहिला आणि त्यामुळे मुक्त मानला जाऊ लागला. बायबल अडखळत वाचणारा, मेथडिस्ट पंथाचा भाविक माणूस. त्याची बायको जेन मात्र मॅटसनची गुलाम होती. १८४५मध्ये मॅटसनने तिला आणि तिच्या मुलांना ब्लॅक ग्रोव्हवर आणलं, आणि या वेळी नेहमीचा नियम त्याने पाळला नाही. हंगाम सरला तरी जेन परत गेली नाही. दोन वर्षं ती तिथेच होती.

मॅटसनचं घर मेरी कॉर्बिन नावाची बाई सांभाळायची. १८४७च्या उन्हाळ्यात तिचं आणि जेनचं बिनसलं. तुला आणि तुझ्या पोरांना केंटकीत परत पाठवीन, तिथून दक्षिणेत कापसाच्या मळ्यांवर विकायला लावीन, अशी धमकी तिने दिली. ही नुसती रागाच्या भरातली बडबड नव्हती. मुलांपैकी कोण कुठल्या मळ्यावर जाईल, पुन्हा दिसेल की नाही, याचा काही भरवसा नसे. अँथनीने वाट पाहिली नाही. जवळच्या इंडिपेंडन्स गावात (आजचं ओकलंड) गुलामगिरीला उघड विरोध करणारे दोघे जण त्याला ठाऊक होते. एक खाणावळवाला गिडियन अ‍ॅशमोर, दुसरा पेनसिल्व्हेनियाहून येऊन स्थायिक झालेला तरुण डॉक्टर हायरम रदरफर्ड. रातोरात बायकोमुलांना घेऊन अँथनी अ‍ॅशमोरच्या दारात उभा राहिला.

मॅटसनने आधी समजावून पाहिलं, ते साधलं नाही तेव्हा वॉरंट आणलं. प्रकरण विल्यम गिलमन या स्थानिक न्यायाधिकाऱ्यापुढे गेलं. ही मंडळी गुलाम की मुक्त हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं त्याने सांगितलं. पण सोडूनही दिलं नाही. इलिनॉयमध्ये गुलामगिरीला बंदी असली तरी त्याच राज्यात ‘ब्लॅक लॉज’ म्हणून ओळखले जाणारे कायदे होते. कृष्णवर्णीय माणसाकडे मुक्त असल्याचा दाखला नसेल तर तो पळालेला गुलाम समजून त्याला शेरीफच्या ताब्यात द्यायचं, असा त्यातला नियम. जेनकडे दाखला कुठून असणार? तिला मुक्त कोणी केलंच नव्हतं. ती आणि चार मुलं चार्ल्सटनच्या तुरुंगात गेली आणि दीड महिन्याहून जास्त काळ तिथेच राहिली. शेरीफने त्यांच्या खाण्याराहण्याचा हिशेब लावला तो दर दिवशी माणशी ३७ सेंट.

त्याच कायद्यांत आणखी एक कलम होतं. कृष्णवर्णीय माणसाची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध चालत नसे. खटला जेनच्या आयुष्याचा, पण तिने कोर्टात उभं राहून मॅटसनविरुद्ध एक शब्द बोलायची सोय नव्हती. या प्रकरणावर लिहिलेल्या पानांत लिंकनचं बोलणं आहे, डॉक्टरचं आहे, वकिलांचं आहे. जेनचं नाही, ते याच कारणाने.

खाणावळीच्या ओसरीवर

मॅटसन दुहेरी चाल खेळला. जेन आणि मुलांवर त्याचा हक्क होताच, असं त्याचं म्हणणं. शिवाय गुलामांना आसरा दिला म्हणून त्याने रदरफर्ड आणि अ‍ॅशमोरवर २,५०० डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. माणशी ५०० डॉलर, पाच माणसं. इकडे अ‍ॅशमोरच्या बाजूने जेनच्या सुटकेसाठी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाचा, अर्ज झाला. मॅटसनचा मुख्य वकील अशर लिंडर. हा १८३७मध्ये इलिनॉयचा अ‍ॅटर्नी जनरल होता, आणि त्याच वर्षी ऑल्टन गावात गुलामगिरीविरोधी संपादक एलायजा लव्हजॉय याची जमावाने हत्या केली त्या सगळ्या वादात लव्हजॉयच्या विरोधात उघड उभा राहिलेला.

रदरफर्डवर दावा लागल्यावर तो वकील शोधायला चार्ल्सटनला गेला. त्याच्या मनात लिंकनच होता. गुलामगिरीबद्दल दोघांची मतं जुळतात, असं त्याला आधीच्या बोलण्यांवरून वाटत होतं. पुढे म्हातारपणी त्याने ही भेट सांगितली आहे. लिंकन खाणावळीच्या ओसरीवर बसला होता. खुर्ची मागे कलती करून खांबाला टेकवलेली, भोवती गावातली रिकामी मंडळी, आणि लिंकनची एक गोष्ट रंगात आलेली. गोष्ट संपेपर्यंत डॉक्टर ताटकळला. मग त्याने लिंकनला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. ऐकता ऐकता लिंकनचा चेहरा उतरत गेला आणि नजर समोरच्या कोर्टाच्या इमारतीपलीकडे कुठेतरी लागली, असं रदरफर्ड म्हणतो. शेवटी लिंकन म्हणाला की मला हे घेता येणार नाही, मॅटसनच्या बाजूने माझ्याशी आधीच बोलणं झालं आहे, आणि त्यांनी मोकळं केल्याशिवाय मी बांधलेला आहे.

डॉक्टर चिडला. काही वेळाने लिंकनचा निरोप आला की आता आपण मोकळे होऊ शकतो, हवं असेल तर तुमचं काम घेतो. पण रदरफर्डचा अभिमान दुखावला होता. त्याने चार्ल्स कॉन्स्टेबल या दुसऱ्या वकिलाला आधीच धरलं होतं. लिंकनला त्याने नकार कळवला. जेनच्या बाजूचा दुसरा वकील ऑरलँडो फिक्लिन. हा डेमोक्रॅट आणि तेव्हा काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, सदस्य होता.

लिंकनही काँग्रेसमध्ये जाणारच होता. आतापर्यंतचं त्याचं आयुष्य थोडक्यात असं : १८०९मध्ये केंटकीत जन्म, मग इंडियाना, मग इलिनॉय. न्यू सेलम या गावात दुकान काढलं ते बुडालं, पोस्टमास्तरकी केली, जमीनमोजणी केली. १८३४मध्ये राज्याच्या विधिमंडळावर निवडून आला. जॉन स्टुअर्ट या वकिलाची पुस्तकं उसनी आणून, कोणत्याही कॉलेजात न जाता कायदा शिकला, १८३६मध्ये सनद मिळवली आणि पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्डला बिऱ्हाड हलवलं. ऑगस्ट १८४६मध्ये पीटर कार्टराइट या नामांकित मेथडिस्ट उपदेशकाला हरवून तो काँग्रेसवर निवडून आला. चार्ल्सटनचा खटला उभा राहिला तेव्हा तो ३८ वर्षांचा होता आणि वॉशिंग्टनला निघायला जेमतेम दहा दिवस उरले होते.

कोल्स काउंटी त्याला परकी नव्हती. चार्ल्सटनच्या दक्षिणेला काही मैलांवर लाकडी ओंडक्यांच्या घरात त्याचा बाप टॉमस लिंकन आणि सावत्र आई राहत होती. टॉमसने १८१६मध्ये केंटकी सोडली त्याचं एक कारण गुलामगिरी हे होतं, असं लिंकननेच १८६०मध्ये लिहून ठेवलं आहे. जमिनीच्या मालकीहक्कांची भानगड हे मोठं कारण, पण गुलामगिरी हेही एक. बापाने जे मागे सोडलं होतं तेच मॅटसनच्या मागोमाग इलिनॉयमध्ये आलं होतं, आणि मुलगा त्याची बाजू मांडायला उभा राहणार होता.

प्रश्न कुठे येऊन थांबला

१६ ऑक्टोबर १८४७ रोजी सुनावणी झाली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेव्हा फिरतीवर जाऊन जिल्ह्यांची कोर्टंही चालवत. मुख्य न्यायमूर्ती विल्यम विल्सन यांनी प्रकरणाचं वजन ओळखून न्यायमूर्ती सॅम्युएल ट्रीट यांनाही सोबत बसवलं. म्हणजे छोट्या गावातलं कोर्ट असलं तरी पीठ राज्यातलं वजनदार होतं.

कायद्याचा गुंता नीट समजून घेतला पाहिजे, नाहीतर लिंकनने काय केलं ते कळत नाही. पळून आलेला गुलाम परत द्यायला अमेरिकेची राज्यघटना आणि १७९३चा कायदा राज्यांना बांधून ठेवत होता. पण जेन केंटकीतून पळून आलेली नव्हती. मालकाने स्वतःच तिला इलिनॉयमध्ये आणलं होतं. त्यामुळे तो कायदा इथे लागू होत नव्हता. उरला प्रश्न असा : मालकाने स्वखुशीने मुक्त राज्यात आणलेला गुलाम मुक्त होतो का? इंग्लंडमध्ये १७७२च्या सॉमरसेट खटल्यापासून याचं उत्तर मुक्तीच्या बाजूने झुकत आलं होतं. इलिनॉयमध्ये मात्र १८४३च्या विलार्ड खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एक फट ठेवली होती. केंटकीहून लुइझियानाला जाताना मालक गुलामाला घेऊन इलिनॉयमधून नुसता गेला, तर तेवढ्याने गुलाम मुक्त होत नाही. वाटेवरचा प्रवासी आणि इथे येऊन राहिलेला, यांत फरक.

मॅटसनची बाजू या फटीतूनच आत शिरणार होती. लिंकनने प्रश्न आवळत आवळत एकाच मुद्द्यावर आणला : मॅटसनचा इरादा काय होता? कायम वस्तीला आणलं असेल तर ही मंडळी मुक्त, हे त्याने आडपडदा न ठेवता मान्य केलं. पण हंगामी कामासाठी, परत नेण्याच्या हेतूने आणलं असेल तर मालकाचा हक्क शाबूत राहतो, असं त्याचं म्हणणं. मॅटसन साक्षीदारासमोर बोलून ठेवायचा ते बोल आता पुराव्याला आले. शिवाय हा प्रश्न हेबियस कॉर्पसच्या कारवाईत सोडवण्यालाच त्याच्या बाजूचा आक्षेप होता.

फिक्लिनने पुढे लिहिलं की लिंकनने विरुद्ध बाजूचे मुद्दे इतक्या प्रामाणिकपणे मांडले की ऐकणाऱ्याला वाटावं हा कोणाचा वकील आहे. आणखी एका वकिलाने सांगितलेली आठवण जास्त बोलकी आहे. विल्सन टेबलावरून पुढे झुकले आणि त्यांनी लिंकनला सरळ विचारलं : तुमचा आक्षेप फक्त कोणत्या प्रकारच्या कारवाईत हा प्रश्न सोडवावा एवढ्यापुरताच आहे ना? लिंकन हो म्हणाला. मग विल्सननी विचारलं की समजा हेबियस कॉर्पसमध्येच हा वाद नीट उभा राहिला, आणि मालकाने या आईला नि मुलांना आपणहून आणून इथल्या शेतावर वसवलं असं दिसलं, तर ती मुक्त झाली नाहीत असं तुम्ही म्हणाल? ती मुक्त झाली हे मी नाकारू शकत नाही, असं उत्तर लिंकनने दिलं.

त्यानंतर फार काही उरलं नाही. दोन वर्षं शेतावर घर करून राहिलेलं कुटुंब हे वाटसरू नव्हे. जेन ब्रायंट आणि तिची मुलं मुक्त आहेत आणि यापुढे कोणाचीही गुलाम नाहीत, असा निकाल लागला. भरपाईच्या दाव्याखालची जमीनही त्याबरोबर सरकली.

माझ्या मते मॅटसनची बाजू त्याहूनही लवकर पडायला हवी होती. इलिनॉयच्या १८१८च्या घटनेत हंगामी मजुरीचा विचार झालेलाच होता. दुसऱ्या राज्यात बांधलेल्या माणसाला इथे मजुरीला लावता येणार नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. सवलत एकाच ठिकाणी, शॉनीटाउनजवळच्या मिठागरांत. तीही एका वेळी वर्षभराच्या वर नाही, आणि १८२५नंतर तिथेही नाही. परराज्यातला गुलाम हंगामापुरता आणून राबवणं हेच तर त्या कलमाचं लक्ष्य. मग मका काढायला माणसं आणली होती आणि परत नेणार होतो, हा बचाव कसा होतो? मालकाच्या मनात काय होतं याची चर्चा जितकी लांबते, तितका हा साधा मजकूर नजरेआड होतो. प्रश्न इराद्याचा ठरवला गेला, त्याच क्षणी जेनचं माणूसपण वादाच्या बाहेर गेलं. तिची सुटका झाली ती मॅटसनने नेहमीचा हिशेब चुकवला म्हणून. दर हिवाळ्यात तिला नेऊन आणलं असतं तर याच युक्तिवादाने ती कदाचित गेली असती.

त्याने हे काम घेतलंच का

पहिलं उत्तर बहुतेक वकील देतील : अशील समोर आला, काम घेतलं. लिंकनने साधारण पाव शतक वकिली केली आणि त्याच्या नावावर पाच हजारांवर प्रकरणं निघतात. त्यांत कर्जवसुली सगळ्यात जास्त. आज सावकाराकडून, उद्या ऋणकोकडून. आज रेल्वे कंपनीकडून, उद्या रेल्वेविरुद्ध. त्या मुलखात वकील थोडे, कोर्ट वर्षातून दोनदा येणार, आणि गावोगावचे स्थानिक वकील मोठ्या कामाला बाहेरचा जोडीदार घेणार. लिंडरने लिंकनला तसाच जोडून घेतला असणार. हे सगळं खरं आहे, पण पुरेसं नाही. कोणत्याही अशिलाला नकार न देण्याचं बंधन अमेरिकन वकिलावर नव्हतं. लिंकन कामं नाकारायचा, भांडण कोर्टाबाहेर मिटवायला सांगायचा, आणि प्रामाणिक वकील होता येत नसेल तर वकिली सोडून प्रामाणिक राहा, असं तरुणांसाठीच्या टिपणात त्याने लिहून ठेवलं आहे.

दुसरं उत्तर त्याच्या चाहत्यांचं : तो मुद्दाम हरला. त्याचा वकिलीतला भागीदार विल्यम हर्नडन सांगायचा की जी बाजू मनाला पटली नाही तिथे लिंकनचा जोर लागत नसे. विल्सनना दिलेलं ते उत्तर वाचून हे खरंही वाटतं. पण यावर समाधान मानणं मला जड जातं. मुद्दाम हरणं म्हणजे ज्याचे पैसे घ्यायचे ठरले त्याच्याशी दगा, आणि लिंकनवर तो आरोप त्याच्या शत्रूंनीही केला नाही. शिवाय जेनच्या जिवाचा प्रश्न असताना वकिलाने मनातल्या मनात हरायचं ठरवलं होतं, हा बचाव तिच्या दृष्टीने किती कामाचा?

सगळ्यात अडचणीची गोष्ट ही की लिंकनला दुसरी वाट माहीत होती. १८४१मध्ये, बेली विरुद्ध क्रॉमवेल या खटल्यात, नॅन्स नावाच्या तरुणीच्या विक्रीपोटी लिहून दिलेल्या वचनचिठ्ठीवरून वाद होता. लिंकन चिठ्ठी लिहून देणाऱ्या बेलीकडून उभा होता. त्याचं म्हणणं असं : इलिनॉयमध्ये प्रत्येक माणूस, रंग कोणताही असो, मुक्तच गृहीत धरला पाहिजे. आणि मुक्त माणसाची विक्री होत नाही, म्हणून चिठ्ठी रद्द. सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं. ज्या नियमाने नॅन्स सुटली तोच नियम जेनला लावायचा तर सुनावणी पाच मिनिटांत संपते. १८३७मध्ये विधिमंडळात गुलामगिरी ही अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे असा लेखी निषेध नोंदवणाऱ्या दोनच सभासदांपैकी एक लिंकन होता. म्हणजे त्याचं मत कळायला १८४७ साल उजाडावं लागलं नव्हतं.

मला जे दिसतं ते असं. त्या काळच्या लिंकनच्या डोक्यात गुलामगिरी वाईट आहे हे एका खणात होतं आणि मालकाचा कायदेशीर हक्क दुसऱ्या खणात. दोन्ही एकत्र काढायची वेळ तो येऊ देत नसे. १८४१मध्ये ओहायो नदीवरच्या बोटीत त्याने बारा गुलाम साखळीला बांधलेले पाहिले. तेव्हा मित्राच्या बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्याने त्यांच्या आनंदी वृत्तीचं नवल केलं. चौदा वर्षांनी, १८५५मध्ये, जोशुआ स्पीड या त्याच मित्राला त्याच प्रसंगाबद्दल लिहिताना तो म्हणतो की ते दृश्य मला सतत छळत राहिलं. या बिचाऱ्यांची शिकार होते, धरून परत नेलं जातं हे मला बघवत नाही, पण मी ओठ चावून गप्प बसतो. चार्ल्सटनच्या ओसरीवर रदरफर्डला जी नजर दिसली ती कदाचित हीच. फरक एवढाच की त्या खटल्यात तो गप्प बसला नाही, धरून नेणाऱ्यांच्या बाजूने बोलला.

पुढे

मॅटसन निकालानंतर केंटकीला निघून गेला, आणि त्याने लिंकनची फी दिली नाही असं सांगतात. लिंकन २५ ऑक्टोबरला कुटुंबासह वॉशिंग्टनला निघाला. वाटेत बायकोच्या माहेरी, केंटकीतल्या लेक्झिंग्टनला, तो काही आठवडे थांबला. ते घर गुलाम बाळगणारं, आणि मॅटसनची बर्बन काउंटी तिथून शेजारीच.

ब्रायंट कुटुंबाने अमेरिकाच सोडली. वर्गणी जमली आणि ते लायबेरियाला गेले, अमेरिकेतल्या मुक्त कृष्णवर्णीयांसाठी पश्चिम आफ्रिकेत वसवलेल्या देशात. तो देश त्याच वर्षी, जुलै १८४७मध्ये, स्वतंत्र झाला होता. पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्डचा एक कृष्णवर्णीय बाप्टिस्ट उपदेशक तिथली पाहणी करायला गेला, तेव्हा अँथनी त्याला भेटला. फार हलाखीत होता आणि परत न्या म्हणून विनवत होता. सुटका झालेल्या माणसाला इलिनॉयमध्ये राहण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे या गोष्टीतून निकालापेक्षा जास्त कळतं. लिंकन स्वतः मुक्त गुलामांना आफ्रिकेत वसवण्याच्या कल्पनेला पुढे बरीच वर्षं चिकटून राहिला. १८५४मध्ये पिओरियाच्या भाषणात तो म्हणाला की माझी पहिली ऊर्मी त्यांना लायबेरियाला पाठवण्याची होईल, पण सगळे एका दिवसात तिथे उतरले तर दहा दिवसांत मरतील. हे बोलताना ब्रायंट मंडळी त्याला आठवली का, ते त्याने लिहिलेलं नाही.

पिओरियाचं ते भाषण १६ ऑक्टोबर १८५४चं. चार्ल्सटनच्या सुनावणीला त्या दिवशी बरोबर सात वर्षं झाली होती. कॅन्सस आणि नेब्रास्काच्या नव्या मुलखात गुलामगिरी न्यायची की नाही हे तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी ठरवावं, असं इलिनॉयचा सिनेटर, डेमोक्रॅट स्टीफन डग्लस म्हणत होता. लिंकनने उत्तर दिलं की हे सगळं एका गोष्टीवर ठरतं : निग्रो हा माणूस आहे की नाही. माणूस असेल तर दुसऱ्याने त्याच्यावर त्याच्या संमतीशिवाय राज्य करणं हे स्वराज्य नव्हे, ती जुलूमशाही. चार्ल्सटनमध्ये त्याने विचारलं होतं मालकाच्या मनात काय होतं. आता तो विचारत होता समोर उभा आहे तो कोण. त्याच्या भावना सात वर्षांत फार बदलल्या असं मला वाटत नाही. प्रश्न बदलला, आणि एकदा प्रश्न बदलल्यावर जुनी उत्तरं टिकेनात. १८५७मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाने मुक्तीसाठी लढवलेल्या खटल्याचा निकाल लागला. स्कॉटलाही मालकाने इलिनॉयमध्ये आणून ठेवलं होतं, पण सरन्यायाधीश टॅनी यांनी कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असं म्हटलं. लिंकनने स्प्रिंगफील्डमध्ये त्याचा जाहीर समाचार घेतला.

हा प्रवास सरळ रेषेचा मात्र नव्हता, आणि त्याचा पुरावा त्याच गावात आहे. १८५८मध्ये सिनेटच्या जागेसाठी लिंकन आणि डग्लस यांच्यात जाहीर वादविवाद झाले, त्यांतला चौथा १८ सप्टेंबरला चार्ल्सटनच्या जत्रेच्या मैदानावर झाला. तिथे लिंकनने सुरुवातीलाच सांगून टाकलं की दोन वंशांत सामाजिक आणि राजकीय समता आणण्याच्या मी बाजूचा नाही. कृष्णवर्णीयांना मताधिकार, ज्युरीत जागा, गोऱ्यांशी लग्न, यांतलं काही मला नको आहे. महिनाभर आधी ओटावाला मात्र त्याने म्हटलं होतं की स्वतःच्या हाताने कमावलेली भाकर दुसऱ्याची परवानगी न मागता खाण्याच्या हक्कात तो माझ्या, डग्लसच्या आणि प्रत्येक माणसाच्या बरोबरीचा आहे. चार्ल्सटनच्या व्यासपीठावर फिक्लिनही बसला होता. मेक्सिको युद्धाच्या वेळी आपण सैन्याची रसद अडवली नाही, याची साक्ष द्यायला लिंकनने त्याला हाताला धरून पुढे ओढलं. अकरा वर्षांपूर्वी याच गावात फिक्लिन जेनच्या बाजूने उभा होता, हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. त्याबद्दल तिथे कोणी काही बोललं नाही.

जेनची बाजू मांडणारे तरी गुलामगिरीचे पक्के विरोधक होते का? तसंही नाही. फिक्लिन डेमोक्रॅटच, म्हणजे डग्लसच्याच पक्षाचा, राहिला. कॉन्स्टेबल पुढे न्यायाधीश झाला आणि १८६३मध्ये, पळपुट्या सैनिकांना पकडायला आलेल्यांनाच कोर्टात अडकवलं म्हणून, लिंकनच्या सैन्याने त्याला अटक केली. १८४७च्या त्या दिवशी जेनला दोन चांगले वकील मिळाले आणि तिची बाजू कायद्यात भक्कम होती, एवढंच म्हणता येतं.

ज्या कायद्याने तिला तुरुंगात टाकलं तो बराच काळ तसाच राहिला, उलट १८५३मध्ये आणखी कडक झाला. बाहेरून येणाऱ्या कृष्णवर्णीयांना इलिनॉयमध्ये वस्ती करायलाच बंदी आली. शिकागोचा कृष्णवर्णीय शिंपी आणि व्यावसायिक जॉन जोन्स याने त्याविरुद्ध वर्षानुवर्षं मोहीम चालवली. फेब्रुवारी १८६५मध्ये गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती मान्य करणारं पहिलं राज्य इलिनॉय ठरलं, आणि त्याच महिन्यात ब्लॅक लॉजही रद्द झाले. मुक्त असल्याचा दाखला जवळ बाळगण्याची अट गेली, आणि कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्याविरुद्ध साक्ष देता येऊ लागली.